अंबाबाईच्या परिसरात नव्यानं आलात? खाण्याची, पिण्याची आणि खरेदीची वाट अशी धरा

नोकरीला, शिकायला किंवा लग्न होऊन कोल्हापुरात आलेला माणूस सुरुवातीला हटकून एक चूक करतो. भूक लागली की तो बाहेर पडतो. जुन्या कोल्हापुरात घड्याळ बघून बाहेर पडावं लागतं. धारेचं दूध सकाळी नाहीतर संध्याकाळी, मिसळ नाश्त्याला, रस्सा दुपारी किंवा रात्री, भेळ दिवस कलल्यावर. दुपारी चारला मिसळ आणि सकाळी दहाला भेळ शोधत फिरलं तर पाय तेवढे दुखतात. म्हणून हा लेख दुकानांच्या यादीसारखा नाही, दिवसाच्या क्रमानं लिहिला आहे.

परिसर छोटाच. महाद्वार रोड, गुजरी, शिवाजी चौक, भवानी मंडप, बिंदू चौक, मिरजकर तिकटी, खासबाग ही सगळी ठिकाणं एकमेकांपासून चालत पाच ते पंधरा मिनिटांत येतात. गंगावेश आणि रंकाळा थोडे पलीकडे, लक्ष्मीपुरी बिंदू चौकाच्या पुढे. एवढी नावं डोक्यात बसली की पत्ता विचारणं सोपं. इथं पत्ता तिकटी (तीन रस्ते मिळतात ती जागा), वेस आणि तालमीवरून सांगतात. ‘तालमीच्या अलीकडच्या बोळात’ असं कुणी म्हणालं तर कोणती तालीम ते लगेच विचारून घ्या, कारण पेठेत तालमी पुष्कळ आहेत.

गाडी आधी लावा

चारचाकी महाद्वार रोडवर घालू नका. बिंदू चौकात वाहनतळ आहे, तिथं लावून चालत या. तिथून भवानी मंडप पाच-सात मिनिटांवर. बसस्थानकावरून किंवा रेल्वे स्टेशनवरून रिक्षानं येत असाल तर ‘देवळाजवळ’ म्हणू नका, ‘भवानी मंडप’ किंवा ‘बिंदू चौक’ म्हणा. नाहीतर शेवटच्या दोनशे मीटरला गर्दीत पंधरा मिनिटं जातात. मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी दर्शनाची गर्दी असते, नवरात्रात तर या भागातली वाहतूकच वळवतात. चप्पल किंवा दागिना घ्यायचा असेल तर बुधवार-गुरुवार धरा. गर्दीच्या दिवशी दुकानदाराला दाखवायला वेळ नसतो आणि तुम्हाला बघायला.

दूध: गंगावेशीचा कट्टा

म्हशी कट्ट्यावर आणून बांधलेल्या असतात आणि दूध तुमच्यासमोर काढून देतात. घरी न्यायचं असेल तर किटली किंवा बाटली आपली न्या. तिथंच प्यायचं असेल तर पेला मागा. धार थेट पेल्यात पडते, वर बोटभर फेस येतो. फेस बसायची वाट बघू नका, दूध कोमट असतानाच प्यायचं. माप घेताना मात्र उलटं: फेस खाली बसू द्या, मगच अर्धा लिटर भरलं की नाही ते बघा. हे सांगितल्यावर कुणी रागावत नाही, मापाबद्दल इथं बोलायचीच पद्धत आहे.

सवय नसलेल्याच्या पोटाला म्हशीचं कच्चं दूध जड जातं. पहिल्या दिवशी अर्धा पेला पुरे, आणि त्यावर लगेच मिसळ नको. मध्ये तासभर तरी जाऊ द्या. लहान मुलं, गरोदर बायका आणि आजारातून उठलेली माणसं यांनी हे दूध घरी नेऊन उकळूनच घ्यावं. ताजं काढलं म्हणून कच्च्या दुधातले जंतू जात नाहीत.

मिसळ: कट हातात ठेवा

वेळ सकाळी साडेआठ ते अकरा. उद्यमनगरातली फडतरे, कसबा बावड्यातली बावडा मिसळ ही नावं बाहेरगावीही माहीत आहेत. पेठांमधून मात्र लहान लहान ठिकाणी तितकीच खमंग मिसळ मिळते. ठिकाण ओळखायचं कसं? आत दुकानांची शटर उघडायला निघालेले कामगार, पेपर विकून आलेली पोरं, रिक्षावाले बसलेले दिसले की बिनधास्त शिरा. नामांकित ठिकाणी रविवारी रांग असते आणि दुपार झाली की माल संपतो.

पानात खाली मटकीची उसळ, वर फरसाण किंवा चिवडा, कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड असते. कट, म्हणजे तिखट पातळ रस्सा, वेगळा येतो आणि सोबत पाव म्हणून स्लाइस ब्रेड. मुंबईचा माणूस इथं लादीपाव मागतो आणि वाढणारा जरा गोंधळतो. जाड स्लाइस कट शोषून घेतो, तरी हातात धरता येतो. दोन-तीन वेळा खाल्ल्यावर तुम्हीही पाव मागणार नाही.

नवखा माणूस सगळा कट एकदम ओततो. मग फरसाणाचा लगदा होतो, आणि वरचा तवंग पहिल्याच घासाला घशाला लागतो. चमच्यानं तवंग बाजूला सारून खालचा कट दोन-तीन चमचे घाला, तेवढंच कालवून खा, मग पुढचा घाला. तिखट सोसत नसेल तर मागतानाच ‘कट कमी, तवंग नको’ असं सांगा. दही मागून घेतलं तरी चालतं. पाणी पिऊन तिखट उतरत नाही, उलट तोंडभर पसरतं; त्यापेक्षा ब्रेडचा कोरडा तुकडा चावा. कट पुन्हा मागितला तर बहुतेक ठिकाणी तसाच वाढतात, जादा ब्रेडचे पैसे पडतात.

मंडई आणि चटणी

भाजीसाठी कपिलतीर्थ मंडई देवळाच्या जवळ पडते. कोल्हापूरचं ग्रामदैवत कपिलेश्वर याच भागात आहे. सकाळी भाजी ताजी, रात्री आठनंतर स्वस्त. पालेभाजी सकाळीच घ्या. वांगी, दोडका, मिरची रात्री घेतली तरी बिघडत नाही.

धान्य, कडधान्य, गूळ, सुकं खोबरं आणि मिरची यांसाठी लक्ष्मीपुरी. रविवारी तिथं आठवडा बाजार भरतो. आजूबाजूच्या गावांतून आलेला माल मिळतो, पण वाहन न्यायचं नाव काढू नका.

आता चटणीचं. इथं घरात ‘चटणी’ म्हटलं की कांदा-लसूण मसाला. आमटी, उसळ, अंड्याचा रस्सा, सगळ्यात तोच पडतो, त्यामुळं पहिल्या महिन्यात पाकिटातली मिरचीपूड टाकून कोल्हापुरी चव आणायचा प्रयत्न फसतो. तयार चटणी पाव किलोपासून सुटी मिळते. घेताना चिमूटभर तळहातावर चोळून बघा: बोटाला तेल लागलं पाहिजे, लसणाचा वास आला पाहिजे. नुसती कोरडी आणि लालभडक असेल तर ती रंग घातलेली मिरचीपूड असण्याची शक्यता जास्त.

वर्षाची चटणी करायची असेल तर फेब्रुवारीअखेर ते मे हा हंगाम. एक किलो मिरचीला धरायचा साधारण अंदाज असा: अर्धा किलो ब्याडगी रंगाला, अर्धा किलो संकेश्वरी तिखटपणाला, कांदा अर्धा ते एक किलो, लसूण पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, धणे पाव किलो, आलं शंभर ग्रॅम, तीळ शंभर ग्रॅम, जिरं आणि खसखस पन्नास-पन्नास ग्रॅम, लवंग-दालचिनी-मिरी-वेलदोडा-दगडफूल हा खडा मसाला प्रत्येकी दहा ग्रॅमच्या आत, मीठ पाव किलो, आणि तळायला-भाजायला पाव लिटर तेल. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं. शेजारच्या काकींना विचाराल तर तासभर मोकळा ठेवा.

मिरचीचे देठ काढून दोन दिवस कडक ऊन द्या. कांदा उभा चिरून आधी वाळवा, मग तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळा. चटणी बिघडते ती इथंच. कांद्यात किंवा लसणात ओल राहिली तर जुलैपर्यंत बरणीत बुरशी दिसते. सगळा माल भाजून गार झाल्यावर डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, न्या. डंकवाला किलोवर पैसे घेतो. आधी मिरची आणि खडा मसाला कुटून चाळतो, तळलेला कांदा-लसणाचा माल शेवटी घालतो. तुमचा मसाला संपेपर्यंत तिथंच उभं राहा, एप्रिलमध्ये पिशव्यांची अदलाबदल सहज होते. नाकाला रुमाल न्या. घरी आल्यावर चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचा खडा ठेवा आणि बरणीत ओला चमचा कधीच घालू नका.

दुपारी तांबडा-पांढरा

मटणाचं ताट मागितलं की सुकं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, कांदा-लिंबू, भाकरी किंवा चपाती आणि भात येतो. काही ठिकाणी खिमा किंवा अंडंही असतं. ताट मागवण्याआधी दोनच गोष्टी विचारा: रस्सा किती वेळा मिळतो आणि भाकरी गरम आहे का. रस्सा सहसा पोटभर वाढतात, मटण मात्र मोजून. भाकरी थापायला वेळ लागतो, म्हणून ती बसताक्षणीच सांगा. गार भाकरी आणि गार पांढरा रस्सा, दोन्ही मजा घालवतात.

पांढरा आधी प्यायचा. तो मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस किंवा काजू आणि खडा मसाला घालून करतात. लाल मिरची त्यात नसते. गरम असतानाच वाटी तोंडाला लावा. गार झाला की नारळाचं दूध आणि चरबी वर साखळते. रस्सा फुटलेला, म्हणजे पाणी आणि कण वेगळे दिसत असतील तर तो पुन्हा पुन्हा उकळलेला आहे. वाटी परत करून ताजा मागा. तांबड्यात तेच अळणी पाणी, पण चटणी, भाजलेलं खोबरं आणि तीळ घालून. तो भाकरीबरोबर. तिखट जास्त वाटला तर वाटीत थोडा पांढरा मिसळा. बघणारे हसणार नाहीत, इथले कितीतरी जण मुद्दाम तसाच पितात.

बहुतेक घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार पाळतात, त्यामुळं बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मटणाच्या दुकानापासून खाणावळीपर्यंत सगळीकडे झुंबड. त्या दिवशी साडेबारापूर्वी बसा. श्रावणाच्या आदल्या दिवशी आणि धुळवडीला तर घरीच करणं शहाणपणाचं.

शाकाहारी माणसानं हॉटेलातल्या ‘व्हेज कोल्हापुरी’वर विसंबू नये, ती लाल ग्रेव्हीची भाजी इथल्या घरात कुणी करत नाही. त्याऐवजी अख्खा मसूर, झुणका, भरलं वांगं आणि खर्डा मिळणारी खाणावळ शोधा.

चप्पल: जेवणानंतर घ्या

चालून-फिरून पाय दुपारनंतर थोडे फुगतात, म्हणून माप तेव्हाचं खरं. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनमध्ये ओळीनं दुकानं आहेत. पहिल्याच दुकानात घेऊ नका. तीन दुकानं बघा, एकच प्रकार सगळीकडे दाखवायला सांगा, भाव आपोआप कळतो.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. तेव्हा ‘ही चप्पल कर्नाटकातली आहे’ हे ऐकून बिचकू नका. बिचकायचं ते रेक्झिनला आणि खिळ्यांना. याच लाईनमध्ये यंत्रावरची आणि नकली चामड्याचीही चप्पल टांगलेली असते, आणि लांबून दोन्ही सारख्याच दिसतात.

हातात घेतल्यावर ती अशी तपासा.

१. कड बघा. तळाचे चामड्याचे थर एकावर एक दिसले पाहिजेत. मध्ये पुठ्ठा भरला असेल तर कडेला नखानं दाबल्यावर तो दबतो.

२. शिलाई बघा. अस्सल चपलेचा तळ चामड्याच्या वादीनं शिवतात. नुसतं डिंकानं चिकटवून वर खोटे टाके उठवलेले असतील तर आत आणि बाहेर टाके जुळत नाहीत.

३. वास घ्या. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याला मातकट, तुरट वास असतो. रसायनाचा किंवा प्लास्टिकचा भपकारा आला तर खाली ठेवा.

४. कान, म्हणजे पट्टा जिथं तळात शिरतो ते दोन्ही बाजूंचे तुकडे, ओढून बघा. चप्पल तुटते ती बहुतेक इथंच, नाहीतर अंगठ्यापाशी, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायच्या कड्यापाशी.

५. दोन्ही पाय घालून दहा पावलं चाला. हातानं केलेल्या जोडीत डावा-उजवा थोडा फरक असतो, पण अंगठा एका पायाला सैल आणि दुसऱ्याला घट्ट असेल तर दुसरी जोडी मागा.

माप घट्टच घ्या. पट्टा वापरून सैल होतो, तळाची लांबी वाढत नाही. म्हणून टाच मागं बाहेर येता कामा नये आणि पट्ट्यात मात्र करंगळीसुद्धा शिरू नये. प्रकार कापशी, पुकरी, बक्कलनाळी, कचकडी, पायताण असे. रोज ऑफिसला जायचं तर पातळ तळाची हलकी, शेताशिवारात किंवा मिरवायला जाड पायताण. जाड पायताण पहिल्या दिवशी लांब चालायला काढाल तर अर्ध्या वाटेत अनवाणी याल.

पहिला आठवडा घरात रोज तास-दोन तास घाला. पट्ट्याच्या आतल्या बाजूला आणि अंगठ्याला खोबरेल किंवा एरंडेलाचं बोट फिरवा, रात्रभर मुरू द्या. तळाला तेल चोपडू नका, तो मऊ पडून पसरतो. पावसाळ्यात ही चप्पल घालायची नाही, म्हणजे नाहीच. भिजली तर उन्हात किंवा गॅसजवळ न ठेवता कागद भरून सावलीत वाळवा; उन्हात चामडं वाकडं होऊन तडकतं. जून ते सप्टेंबर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. शहरातल्या फरशीवर घसरत असाल तर खाली पातळ रबर लावून घ्या. करकर आवाज जाईल, पण कंबर शाबूत राहील.

गुजरी

महाद्वार रोडला लागून असलेल्या गुजरीत सराफी पेढ्या आहेत. साज, ठुशी, चिंचपेटी, बोरमाळ, पुतळीहार बघायला फुकट, घ्यायला तयारीनं जायचं. पारंपरिक साजात एकवीस पानं धरतात: दहा अवतारांची, आठ अष्टमंगलाची, माणिक आणि पाचूची दोन, आणि एक डोरलं. पानं सोन्याच्या पातळ पत्र्याची आणि आत लाख भरलेली असतात. म्हणून भाव करताना निव्वळ सोन्याचं वजन, लाखेचं वजन आणि घडणावळ हे तिन्ही बिलावर वेगवेगळे लिहून घ्या. लाख सोन्याच्या भावानं घेतली की नुकसान मोडीच्या वेळी कळतं. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखक्रमांक लागतो; तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथंच उभं राहून तपासा. ठुशी गळ्याला लावून बघा, मागची दोरी पटवेकऱ्याकडून कमी-जास्त करून मिळते. हौसेपुरतं हवं असेल तर एक ग्रॅमच्या मुलाम्याचे साज महाद्वार रोडवरच मिळतात. ते घामानं काळे पडतात, वापरून झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा.

संध्याकाळ

खासबाग मैदानाच्या बाहेर भेळेच्या गाड्या लागतात. राजाभाऊंची भेळ इथलीच. चुरमुरे मऊ पडायच्या आत, उभ्यानंच खा. पार्सल नेली तर घरी चिखल. तिखट सांगताना ‘मध्यम’ म्हणा, कोल्हापूरचं मध्यम बाहेरच्या माणसाला पुरतं. बसून खायचं, पोरांना मोकळं सोडायचं असेल तर रंकाळ्याची चौपाटी. जेवण नको पण पोट भरायला हवं अशा वेळी दावणगिरी लोणी डोसा गाडीगाडीवर मिळतो. ते खाऊन झाल्यावर आइस्क्रीम, दूध आणि फळांचं कॉकटेल. नावावरून घाबरू नका, त्यात दारू नसते.

गूळ गावी न्यायचा असेल तर

कोल्हापुरी गुळाला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताला शाहू मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे सुरू होतात. घरगुती खरेदीला नोव्हेंबर ते मार्च चांगला. घाऊक रवा, म्हणजे गुळाची ढेप, तीस किलोचा असतो, घराला एक किंवा पाच किलोचा पुरे. पिवळाजर्द गूळ दिसायला देखणा, पण तो रंग बहुधा हायड्रॉस या रासायनिक पावडरीचा. रस साफ करायला रानभेंडीचा चिकट रस वापरून केलेला गूळ तांबूस-तपकिरी होतो. तुकडा जिभेवर ठेवा: खारट लागला तर नको. फोडल्यावर कण मोकळे दिसावेत. दाताला रबरासारखा चिकटत असेल तर पाक कच्चा उतरवलेला आहे आणि पावसाळ्यात तो पाझरणार. घरी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्याखाली पाट असू द्या, आणि बसनं नेत असाल तर पिशवी खिडकीच्या उन्हात नको.